‘दुरुस्ती मागे घेण्यात आली’ या ओळीपाशी थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी आयर्लंडच्या सिनेटमधल्या एका सिनेटरची भाषणं वाचतेय. संसदेच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावाखाली शेकडो नोंदी दिसतात. त्यावरून त्यांचं योगदान ठरवायचं कसं? आणि ज्या सभागृहाला कनिष्ठ सभागृहाचा कायदा शेवटपर्यंत अडवताच येत नाही, तिथल्या भाषणांना किंमत तरी किती द्यायची?”

नोंदींच्या आकड्यापासून सुरुवात केलीत तर पहिल्याच पायरीवर पाय घसरेल. तो आकडा कसा तयार होतो हे मी आयुष्यभर आतून पाहिलंय. एकतीस वर्षं मी विधिमंडळात मराठी प्रतिवेदक होतो. सभापतींच्या आसनाखालच्या टेबलाशी बसायचं, आपल्या वाट्याची मिनिटं लघुलिपीत घ्यायची, पुढचा सहकारी आला की उठायचं आणि आत जाऊन आपला तुकडा उतरवून काढायचा. वर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’. या कामात एक गोष्ट लवकर कळते: कोण किती बोललं आणि कोणामुळे काय हललं, या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली वही आपोआप भरते. दुसरी कोणी ठेवत नाही, ती वाचणाऱ्यानं स्वतः तयार करायची असते.

निवृत्तीनंतर मी हौसेनं आयर्लंडचे वृत्तांत वाचायला लागलो. त्यांचं वरिष्ठ सभागृह म्हणजे शानद. तिची पहिली बैठक ११ डिसेंबर १९२२ ला झाली, आणि तेव्हापासूनची चर्चा घरबसल्या वाचता येते. बहुतेक इंग्रजीत आहे. कोणी आयरिश भाषेत बोललं तर ते तसंच छापलेलं असतं. तिथं माझं घोडं अडतं.

आता ‘नोंद’ म्हणजे काय ते पाहा. बैठकीच्या दिवशी सभागृहनेता कामकाजाचा क्रम मांडतो. नावाला चर्चा त्या क्रमावर, प्रत्यक्षात जो तो उठून आपल्या मनातला विषय काढतो: रुग्णालयातली रांग, बंद झालेली बस, कोणाच्या निधनाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे ‘औचित्याचा मुद्दा’ म्हणून काहीही मांडलं जातं ना, तोच प्रकार. क्रमात बदल सुचवायचा तर दुसऱ्यानं अनुमोदन द्यावं लागतं. “मी अनुमोदन देतो” एवढे तीन शब्द म्हणजे त्या सिनेटरची एक नोंद. मंत्र्याच्या भाषणात मध्येच फेकलेला टोमणा, तीही नोंद. एखाद्या कायद्याच्या कलमावर तासभर केलेली झटापट, ती मात्र उठण्याच्या हिशेबानं चार-पाचच नोंदी. त्यामुळे शेकड्याच्या आकड्यानं दबून जाऊ नका. तो माणूस हजर होता आणि त्याला कंठ होता, एवढंच त्यावरून कळतं.

कामकाजाच्या सुरुवातीला आणखी एक भाग असतो, आपल्या लक्षवेधीचा धाकटा भाऊ म्हणा. सिनेटर एक नेमका विषय देतो आणि मंत्र्याला येऊन उत्तर द्यावं लागतं. तो वेगळा काढून वाचा. उत्तर बहुधा खात्यानं लिहून दिलेलं आणि कोरडं असतं, पण कोरडं म्हणूनच कामाचं. खात्यानं त्या तारखेला काय कबूल केलं ते तिथं कायमचं छापलं जातं.

दुसरं काम म्हणजे तुमचा सिनेटर निवडून कसा आला ते आधी काढा. याशिवाय भाषण वाचणं म्हणजे पाकिटावरचा पत्ता न बघता पत्र वाचणं. शानदमध्ये ६० जागा आहेत. ११ जण पंतप्रधान नेमतात. ६ जण विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडायचे. उरलेले ४३ पाच ‘पॅनल’मधून येतात: संस्कृती आणि शिक्षण, शेती, कामगार, उद्योग-व्यापार आणि प्रशासन. नावं ऐकून वाटतं की शेतकऱ्यांनी शेतीवाले निवडले असतील. तसं काही नाही. या ४३ जणांना मत देतात नवे खासदार, मावळते सिनेटर आणि देशभरातले नगरसेवक-कौंटी सदस्य. यात स्थानिक सदस्यांचंच पारडं जड. म्हणून पॅनलवरचा सिनेटर गावचे रस्ते, कौन्सिलरांचं मानधन, त्यांची पेन्शन यांवर इतक्या कळवळ्यानं का बोलतो, याचं कोडं पडू देऊ नका. तो आपल्या मतदाराशी बोलतोय. आपल्या विधानपरिषदेत स्थानिक स्वराज्य संस्थांमधून आलेले २२ आमदार असतात. त्यांची भाषणं मी घेतलीयत, सूर ओळखीचा आहे.

पदवीधर मतदारसंघही आपल्याला परका नाही. महाराष्ट्राच्या परिषदेत पदवीधरांचे ७ आणि शिक्षकांचे ७. मतही तसंच, पसंतीक्रमानं, १-२-३ लिहून. नेमणुकीच्या जागांचं तर थेट नातं आहे. राज्यसभेत राष्ट्रपतींनी नेमायचे १२ सदस्य ही कल्पना आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेवरूनच घेतली. (लिओ वराडकरांमुळे मालवण तालुक्यातल्या वराड गावाला डब्लिनचं नाव पाठ झालं, पण ते डॉलमध्ये होते, म्हणजे कनिष्ठ सभागृहात. त्यांना या हिशेबात धरू नका.)

आता तुमचा मुख्य सवाल: अडवता येत नाही तर किंमत काय? खरंय, साध्या विधेयकाला शानद ९० दिवस उशीर करू शकते, धनविधेयकाला २१ दिवस, आणि धनविधेयकावर दुरुस्ती नाही, नुसती शिफारस. २०१३ मध्ये तर हे सभागृहच बरखास्त करायचं सार्वमत झालं. ५१.७ टक्के मतदारांनी ‘बरखास्ती नको’ म्हटलं, म्हणून राहिलं. पण ‘अडवणं’ ही ताकदीची एकच मोजपट्टी धरलीत तर सगळा वृत्तांत तुम्हाला पोकळ वाटेल. मी दुसरीकडे बघायला सांगेन: समितीच्या टप्प्याकडे.

विधेयकाचे पाच टप्पे असतात. दुसऱ्या टप्प्यावर तत्त्वाची चर्चा, तिथं प्रत्येकाला एकदाच बोलायला मिळतं. वर्तमानपत्रांत येतात ती भाषणं इथली. तिसरा टप्पा समितीचा. शानदमध्ये हे काम बहुधा पूर्ण सभागृहच समिती होऊन करतं, एकेक कलम घेऊन. इथं सिनेटर पुन्हापुन्हा उठू शकतो, मंत्र्याला उत्तराला उत्तर देऊ शकतो. गॅलरी रिकामी, पत्रकार चहाला गेलेले, आणि दोन माणसं एका क्रियापदावरून भांडतायत. ‘शासन नियम करील’ आणि ‘शासनास नियम करता येतील’ यांत काय फरक आहे ते मराठी कायदे वाचणाऱ्याला सांगायला नको. पहिल्यात बांधिलकी, दुसऱ्यात मर्जी. आयरिश सिनेटरांच्या दुरुस्त्यांत हीच मारामारी ‘शॅल’ आणि ‘मे’ची असते, आणि मंत्र्याचं उत्तर बहुतेकदा एकच: कायदेशीर सल्ल्यानुसार याची गरज नाही. आमच्या सभागृहात एक सदस्य होते, बारीक आवाजाचे, पेपरात कधी नाव नाही. त्यांनी एका कलमात ‘तीन महिन्यांच्या आत’ एवढे शब्द घालून घेतले. त्या अधिवेशनात बाकीच्यांनी केलेली भाषणं मला एकही आठवत नाहीत, आणि ती मीच उतरवली होती.

समितीच्या टप्प्यावर वाचताना एका ओळीपाशी थांबायची सवय लावा: ‘दुरुस्ती, सभागृहाच्या अनुमतीने, मागे घेण्यात आली.’ नवखा वाचक याचा अर्थ हार असा लावतो. बरेचदा उलटं असतं. या ओळीच्या वरचं मंत्र्याचं शेवटचं वाक्य वाचा. “सदस्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पुढच्या टप्प्यापर्यंत मी विचार करतो” असं काही असेल तर पान उलटून चौथ्या टप्प्यावर जा. तिथं त्याच कलमावर, थोड्या वेगळ्या शब्दांत, सरकारची स्वतःची दुरुस्ती आलेली दिसली तर ती त्या सिनेटरची कमाई समजा, जरी छापील कायद्यावर नाव मंत्र्याचं असलं तरी. सरकारला विरोधकाची शब्दरचना घेणं जिवावर येतं, आशय घेणं तितकं नाही. आणि मंत्री काहीच बोलला नाही, दुरुस्ती मतालाही टाकली नाही, तर ती नुसती हजेरी.

यात एक मेख आहे. विधेयक आधी डॉलमध्ये मंजूर होऊन शानदमध्ये आलं असेल तर इथं एक शब्द बदलला तरी ते परत डॉलमध्ये न्यावं लागतं. जुलैत आणि डिसेंबरात, सुट्ट्यांच्या तोंडावर, कोणत्याच मंत्र्याला ते नको असतं. त्या दिवसांत अगदी शहाणी दुरुस्तीही आपटते. उलट जे विधेयक शानदमध्येच प्रथम मांडलं गेलं, त्यावर मंत्री मोकळा असतो, कारण पुढं डॉलमध्ये जायचंच आहे. म्हणून ‘किती दुरुस्त्या मंजूर झाल्या’ हा हिशेब मांडण्याआधी विधेयक कुठून निघालं ते पाहा.

आता एक उदाहरण जवळून घेऊ. मेरी रॉबिन्सन. जगाला त्या १९९० मध्ये आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून माहीत झाल्या, पण त्याआधी १९६९ ते १९८९ अशी वीस वर्षं त्या सिनेटर होत्या. निवडून आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या, मायो कौंटीतल्या बॅलिना गावच्या कॅथलिक घरातल्या, ट्रिनिटी कॉलेजात कायद्याच्या प्राध्यापक. मतदारसंघ ट्रिनिटीचाच, डब्लिन विद्यापीठाच्या पदवीधरांचा. हे महत्त्वाचं. ट्रिनिटी प्रॉटेस्टंट परंपरेचं कॉलेज. कॅथलिक मुलांनी तिथं शिकू नये हा बिशपांचा निर्बंध १९७० मध्ये उठला. रॉबिन्सन स्वतः शिकायला गेल्या तेव्हा आर्चबिशपांची परवानगी घ्यावी लागली होती. अशा मतदारसंघातल्या, टपालानं मत पाठवणाऱ्या पदवीधरांवर गावच्या पाद्र्याचा वचक नव्हता. पॅनलवरच्या सिनेटरला जे परवडलं नसतं ते या जागेवरून बोलता येत होतं. पाकिटावरचा पत्ता म्हणालो तो हा.

१९३५ च्या फौजदारी कायद्याच्या १७ व्या कलमानं आयर्लंडमध्ये गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात गुन्हा होती. १९७१ मध्ये रॉबिन्सन, ट्रेव्हर वेस्ट आणि जॉन होर्गन या तिघा विद्यापीठ-सिनेटरांनी हे बदलणारं खाजगी विधेयक आणलं. त्याच मार्चमध्ये डब्लिनचे आर्चबिशप मॅकक्वेड यांचं पत्र चर्चमध्ये भाविकांसमोर वाचलं गेलं, असा कायदा देशाला शाप ठरेल म्हणून. रॉबिन्सनांच्या घरी शिव्याशापांची पत्रं येऊ लागली. मे महिन्यात स्त्रीमुक्तीवाल्या बायकांचा एक गट रेल्वेनं बेलफास्टला गेला. तिथं कायदा ब्रिटनचा, वस्तू दुकानात मिळत. गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते हे तिथं गेल्यावर कळलं, म्हणून काहींनी ॲस्पिरिनच घेतल्या आणि परतताना डब्लिनच्या कॉनली स्टेशनवर कस्टमवाल्यांच्या नाकासमोर नाचवल्या. ॲस्पिरिन आहे की काय आहे हे त्या बिचाऱ्यांना कुठं ओळखू येणार होतं!

आणि शानदमध्ये काय झालं? जुलैमध्ये विधेयकाला पहिल्याच टप्प्यावर नकार. प्रतिवेदकाच्या नजरेनं हा टप्पा समजून घ्या. पहिला टप्पा म्हणजे फक्त मांडायची परवानगी, जी बहुतेक वेळा न बोलता मिळते. ती मिळाली की विधेयक छापलं जातं. नाकारली तर छापलंच जात नाही. म्हणजे सभागृहानं नुसतं ‘हा कायदा नको’ म्हटलं नाही, ‘हा कागद कोणी वाचायलाही नको’ असं म्हटलं. वृत्तांतात त्या दिवशीचे शब्द आहेत, पण ते ज्याच्याबद्दल आहेत तो मसुदा सभागृहाच्या कागदपत्रांत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला असं रिकामं कोनाडं क्वचित दिसलं.

तुमच्या मोजपट्टीवर हे योगदान किती? शून्य दुरुस्त्या, शून्य मंजूर विधेयकं. पुढं बघा. १९७३ मध्ये या तिघांनी पुन्हा विधेयक आणलं. यावेळी ते छापलं गेलं. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मॅगी खटल्यात निकाल दिला: विवाहित जोडप्याच्या खाजगी आयुष्यात राज्यानं इतकं घुसणं घटनेत बसत नाही. आयातीवरची बंदी उडाली, विक्रीवरची राहिली. म्हणजे माल परदेशातून स्वतःसाठी मागवा, पण गावच्या औषधवाल्यानं विकला तर तो गुन्हेगार. या विचित्र अवस्थेत १९७४ मध्ये शानदला दुसऱ्या टप्प्यावर पूर्ण चर्चा करावी लागली. विधेयक पडलंच. पण तीन वर्षांपूर्वी ज्या विषयाचा कागद छापायलाही सभागृह तयार नव्हतं, त्याच विषयावर आता प्रत्येक पक्षाच्या माणसाला उभं राहून, आपल्या नावानं, आपली बाजू छापून घ्यावी लागली. हे वृत्तांतातूनच दिसतं, दुसरीकडून नाही. त्याच जुलैत सरकारनं स्वतःचं विधेयक डॉलमध्ये आणलं, आणि मतदानाला पंतप्रधान लिअम कॉस्ग्रेव्ह आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध गेले! तेही पडलं. शेवटी १९७९ मध्ये आरोग्यमंत्री चार्ल्स हॉही यांनी डॉक्टरच्या चिठ्ठीवर गर्भनिरोधकं देणारा कायदा केला, ‘आयरिश प्रश्नाला आयरिश उत्तर’ म्हणत. १९८५ मध्ये प्रौढांसाठी कंडोमवरची चिठ्ठीची अट गेली.

याचं सगळं श्रेय रॉबिन्सनांच्या पदरात टाकाल तर तुमचे मार्गदर्शक लाल शाई काढतील, आणि बरोबरच करतील. न्यायालय होतं, रेल्वेतल्या बायका होत्या, बदलतं शहर होतं. सिनेटरनं केलं ते इतकंच की विषय सभागृहाच्या टेबलावर ठेवला आणि उचलू दिला नाही. त्यांच्याबाबत आणखी एक पाहावं लागतं. त्या वकील होत्या, आणि सभागृहात जे हाती लागलं नाही त्याच जातीचे प्रश्न त्यांनी कोर्टात लढवले. एरी खटल्यात १९७९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं आयर्लंडविरुद्ध निकाल दिला आणि देशात दिवाणी प्रकरणांसाठी मोफत कायदेशीर मदतीची योजना आली. त्यात वकील रॉबिन्सन. त्यामुळे अशा माणसाची फक्त सभागृहातली नोंदवही वाचलीत तर अर्धा माणूस हाती येईल. तुमच्या प्रबंधाची मर्यादा तुम्ही ठरवा, पण ठरवलीय हे लिहा.

आता उलटं उदाहरण. कवी येट्स. १९२२ ते १९२८ सिनेटर, नेमलेले. ११ जून १९२५ चं त्यांचं घटस्फोटावरचं भाषण आयरिश शाळकरी मुलांनाही माहीत असतं. नव्या राज्यात घटस्फोटाची वाट बंद होत होती, आणि ती वाट प्रामुख्यानं प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांची. येट्स उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही काही किरकोळ लोक नाही. आम्ही बर्कचे, ग्रॅटनचे, स्विफ्टचे, एमेटचे, पार्नेलचे लोक (हे सगळे प्रॉटेस्टंट). डब्लिनच्या भर रस्त्यात तेव्हा ज्यांचे पुतळे उभे होते त्या ओ’कॉनेल, पार्नेल आणि नेल्सन या तिघांच्या खाजगी आयुष्याकडे त्यांनी बोट दाखवलं. अध्यक्षस्थानी लॉर्ड ग्लेनव्ही होते. ते मध्येच म्हणाले, मेलेल्यांना सुखानं राहू द्यावं असं नाही का वाटत? येट्स म्हणाले, पुढं जातोच आहे, पण मेलेल्यांना सोडून द्यायला मला मुळीच आवडणार नाही.

काय उत्तर आहे! मी टेबलाशी असतो तर पेन्सिल थबकली असती. पण परिणाम? सभागृहात शून्य, किंवा शून्याखाली. ज्या बहुसंख्याकांना पटवायचं त्यांनाच त्यांनी खिजवलं. घटस्फोटबंदी पुढं १९३७ च्या घटनेत गेली, १९८६ च्या सार्वमतात टिकली, आणि १९९५ मध्ये ९,११४ मतांच्या फरकानं उठली. सत्तर वर्षं. ‘येट्स काळाच्या पुढं होते’ असं लिहायचा मोह होईल, लिहू नका. त्यांनी बाजू बरोबर घेतली होती, पण ते भाषण कायदा बदलायला केलेलं नव्हतं, इतिहासाला ऐकवायला केलेलं होतं. दोन्हींना जागा आहे, खातं वेगळं. त्याच येट्सांनी नाण्यांच्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, आणि १९२८ मध्ये सॅमन मासा, बैल, घोडा, कोंबडी आणि पिल्लं असलेली नाणी लोकांच्या खिशात आली. ती दशकानुदशकं चालली. ते काम वृत्तांतात शोधायला गेलात तर फार सापडणार नाही, ते समितीच्या खोलीत झालं. माझ्या लेखी सिनेटर येट्स म्हणजे ती कोंबडी आणि पिल्लं, घटस्फोटाचं भाषण नंतर. हे मत वादाचं आहे, मला माहीत आहे.

डेव्हिड नॉरिस मात्र दोन्ही वह्या भरणारे. १९८७ पासून जानेवारी २०२४ पर्यंत सिनेटर, शानदच्या इतिहासात सर्वांत दीर्घ काळ. तेही ट्रिनिटीच्या पदवीधरांतून. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा १८६१ चा इंग्रजी कायदा (आपल्या १८६० च्या दंडसंहितेतल्या ३७७ चा समकालीन) त्यांनी कोर्टात आव्हानला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ३ विरुद्ध २ असे हरले, १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला, त्याच युरोपीय मानवी हक्क न्यायालयात, जिंकले. वकील, पुन्हा, मेरी रॉबिन्सन. जून १९९३ मध्ये तो गुन्हा रद्द करणारं विधेयक शानदमध्ये आलं तेव्हा नॉरिस सदस्य म्हणून बाकावर होते. ज्या माणसाच्या खटल्यामुळे कायदा बदलतोय तोच त्यावर भाषण करतोय, असं पान कुठल्याही सभागृहाच्या वृत्तांतात क्वचितच मिळेल. ते अवश्य वाचा. बाकी नॉरिस बोलघेवडे होते, विनोदी होते, दर आठवड्याला काहीतरी बोलत. त्यांच्या नोंदींची यादी केलीत तर ते एक पान हजारोंत हरवेल. आकडा का फसवतो, ते इथं कळतं.

एक सावधगिरी. शानदनं मंजूर केलं म्हणजे झालं असं समजू नका. सिनेटर फ्रान्सिस ब्लॅक यांचं व्याप्त प्रदेशांतल्या वसाहतींशी (रोख मुख्यतः इस्रायलच्या वसाहतींवर) व्यापार रोखणारं २०१८ चं विधेयक शानदनं त्याच डिसेंबरात सगळे टप्पे पार करून मंजूर केलं, सरकारचा विरोध असताना. डॉलमध्ये जाऊन ते अडकलं. तरीही त्या विधेयकाच्या समिती टप्प्यावर सरकारची कायदेशीर बाजू कलमागणिक छापली गेली, आणि नंतर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना ती वापरता आली. याला अपयश म्हणायचं की काम, ते तुम्ही ठरवा. मी काम म्हणेन.

तुमच्या सिनेटरचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे बेताचंच सांगतो. सगळी कारकीर्द एकदम उघडू नका. एकच विधेयक घ्या, शक्यतो शानदमध्ये मांडलेलं, आणि तुमचा सिनेटर त्यावर समितीच्या टप्प्यावर बोललेला असावा. संकेतस्थळावर त्या विधेयकाचे वेगवेगळ्या वेळचे मसुदे मिळतात: मांडलं तेव्हाचा, समितीनंतरचा, शानदनं मंजूर केलेला. पहिला आणि शेवटचा छापून घ्या. पडद्यावर वाचून हे होत नाही, कागदच लागतो. दोन्ही शेजारी ठेवून पेन्सिलीनं फरकांवर खुणा करा, मग प्रत्येक खुणेसाठी वृत्तांतात मागे जा आणि तो शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आला ते शोधा. सुरुवातीच्या दिवसांत डोळे दुखतील आणि हाती दोन-तीन खुणाच लागतील. त्यातली एक जरी तुमच्या सिनेटरच्या मागे घेतलेल्या दुरुस्तीपर्यंत जाऊन पोहोचली तर मला कळवा, त्या पानाची तारीख मलाही हवीय.